भिंतीकडची खाट

पन्हाळ्याच्या पुढं, मसाई पठाराच्या खालच्या अंगाला एका निवृत्त विज्ञानशिक्षकांनी स्वतःच्या शेतात रात्रभर आकाशाखाली झोपायची सोय केली आहे. माणशी बाराशे रुपये, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाष्टा धरून. डिसेंबर २०२५ मध्ये, मार्गशीर्ष अमावास्येला, मी आणि माझी नात तिथं राहून आलो.

जाणारे आधी जे विचारतात ते सांगून टाकतो. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, मग घाट चढून पन्हाळा, आणि तिथून पुढं. शेवटचा दीडेक किलोमीटर कच्चा आहे, दुचाकी असेल तर उजेडात पोचा. संडास-बाथरूम स्वच्छ, गरम पाणी बंबातलं. मोबाइलला रेंज गोठ्याच्या कोपऱ्यात तेवढी. जेवण चुलीवरचं: ज्वारीची भाकरी, पावट्याची आमटी, खर्डा, घट्ट दही, भात. आदल्या दिवशी सांगितलं तर तांबडा-पांढराही करून देतात, पण मी सांगेन, त्या रात्री नको. पोट जड झालं की डोळा लागतो आणि ज्यासाठी गेलो ते राहून जातं.

आता मुद्द्याचं.

नात नववीत आहे. इंग्रजीतून विज्ञानकथा वाचते, मालिकाच्या मालिका. दिवाळीच्या सुट्टीत ती 'कॅलिबान्स वॉर' वाचत होती, २०१२ सालची कादंबरी. ज्यांच्यावरून पुढं 'द एक्सपान्स' ही टीव्हीवरची मालिका आली, त्या पुस्तकांतलं हे दुसरं. त्यात मंगळावर जन्मलेली एक सैनिक बाई पृथ्वीवर येते. धिप्पाड, कशाला न भिणारी. आणि इथल्या उघड्या आकाशाखाली तिला त्रास व्हायला लागतो. नातीला ते पटेना. गच्चीवरचे वाळलेले कपडे काढता काढता तिनं विचारलं, "आबा, आभाळाला कोण कशाला भिईल? वरनं काय पडतंय का?"

मी पंधरा वर्षं नौदलात होतो, त्यातली अकरा पाणबुडीवर. म्हणालो, "भितात बाळा. मी भ्यालोय."

हे मी घरात कधी सांगितलेलं नव्हतं. पाणबुडीला आम्ही बोटच म्हणतो. माझी बोट रशियन बनावटीची, सिंधू वर्गातली. लांबी त्र्याहत्तर मीटरच्या आसपास, आत पन्नासाहून जास्त माणसं, आणि खिडकी एकही नाही. आठवडेच्या आठवडे डोळ्यांना दिसणारी सर्वांत लांबची गोष्ट म्हणजे पॅसेजच्या टोकाला उभा असलेला माणूस, दहा-बारा पावलांवरचा. त्याच्या पलीकडं काही असतं हे डोळे विसरून जातात. एकदा लांबच्या फेरीनंतर रात्री बोट वर आली. हॅच उघडल्यावर सगळ्यात आधी आत आला तो वास. ताजी हवा आम्हाला कुबट लागली, कारण डिझेल, घाम आणि तळणीचा वास म्हणजेच हवा असं नाकानं पाठ केलं होतं. मग पाळीपाळीनं वर सोडलं. माझी पाळी आली तसं मी शिडीवरून डोकं बाहेर काढलं, वर बघितलं, आणि एक पायरी खाली उतरलो. दोन्ही हातांनी कठडा गच्च धरला. वर इतकं काहीच नव्हतं की बोटीचं झाकण उडालंय आणि कुणीतरी ते ताबडतोब लावायला पाहिजे, असं वाटलं. पुन्हा वर गेलो, पाच मिनिटं उभा राहिलो. माझ्या मागं आमच्याच इलेक्ट्रिकल खात्यातला जोडीदार होता, गडहिंग्लजकडचा. तो आलाच नाही. "तू बघून घे, मी खाली हाय," म्हणाला.

नातीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मला दाखवा." कोल्हापुरातल्या गच्चीवरून ते दाखवता येत नाही. चारी बाजूंनी इमारती आहेत आणि रस्त्यावरचे दिवे आकाशाला खालून धरून ठेवतात. म्हणून हा मुक्काम.

सर प्रत्येक पाहुण्याला पोचल्या पोचल्या एक प्रश्न विचारतात: "घरात झोपताना खोलीचं दार उघडं ठेवता, का लावता?" मला वाटलं थंडीसाठी विचारतायत. तर नाही. त्यांच्याकडं लोखंडी खाटांच्या तीन ओळी आहेत. पहिली ओळ जांभ्या दगडाच्या छातीएवढ्या भिंतीला लागून, दुसरी मधे गवतात, तिसरी पार पुढं उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाटीवर, जिथं तीन बाजूंना काहीच नाही. दार लावून झोपणाऱ्याला ते पहिली रात्र भिंतीकडची खाट देतात. मी विचारलं, हे कुठं शिकलात? म्हणाले, "शिकतोय कुठं? पहिल्या वर्षी एक ताई रात्री साडेअकराला उठून गाडीत जाऊन झोपल्या. सकाळी डोळ्यांत पाणी. म्हटल्या, सर, वर बघितलं की छातीत धडधडतंय. तवा ही भिंत घातली."

मी अनेक ठिकाणी पैसे मोजून राहिलोय. माणूस आकाशाला भिऊ शकतो हे ओळखून त्याची आधी सोय करणारा हा पहिलाच यजमान. या मुक्कामात मला सर्वांत मोलाची वाटली ती ही भिंत.

सूर्य मावळताना आम्ही सड्यावर उभे होतो. सपाट जमिनीवर उभ्या माणसाला पृथ्वीवर क्षितिज पाचेक किलोमीटरवर दिसतं. मंगळ लहान, म्हणून तिथं ते साडेतीनच्या आत येतं, आणि चंद्रावर अडीचच्याही आत. हा हिशेब मी नातीला वहीत करून दाखवला होता, पण तो कळला सड्याच्या कडेला. तिथून डोंगरामागं डोंगर, त्याच्यामागं आणखी एक निळसर रेघ, आणि तिच्याही मागं नुसता रंग. नात म्हणाली, "म्हणजे तिला जमीन संपायला पाहिजे तिथं संपतच नव्हती." त्या सैनिक बाईबद्दल बोलत होती. मला एवढं नीट सांगता आलं नसतं.

रंगाचंही तसंच. चंद्रावर भर दुपारी आकाश काळं असतं, कारण उजेड पसरवायला हवाच नाही. मंगळावर दिवसा ते तांबूस-पिवळं आणि मावळतीला सूर्याभोवती निळसर. आपल्या बरोबर उलट. तिथं वाढलेलं पोर इथली केशरी संध्याकाळ बघून म्हणेल, दुपार झाली.

जेवणानंतर दुर्बीण. आठ इंची आहे, सर स्वतः लावून देतात. शनीची कडी २०२५ साली आपल्याला अगदी कडेनं दिसत असल्यामुळं नुसत्या रेघेसारखी दिसली, त्याची पोरांनी थोडी निराशा करून घेतली. गुरूचे चार चंद्र एका ओळीत छान दिसले. देवयानी दीर्घिका, जिचा उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघाला, ती दुर्बिणीत पुसटशा डागासारखी. सर बोलतात कमी, त्यामुळं बघायला वेळ मिळतो. मधेच पश्चिमेकडून एक ठळक, न लुकलुकणारा ठिपका चढत आला, डोक्यावरून गेला आणि पूर्वेला पृथ्वीच्या सावलीत विझला. सर एवढंच म्हणाले, "त्यात माणसं हायत." अंतराळ स्थानक. चारशे किलोमीटरवर, ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटरच्या आसपास वेग. नोव्हेंबर २००० पासून ते एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही.

मग दिवे घालवले. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं तरी लागतात, त्यात कुणी मोबाइल लावला की पहिल्यापासून. कृपा करून लावू नका. नात मधल्या ओळीत होती, मी तिच्या शेजारी. मृग बराच वर आला होता, कृत्तिका डोक्यावर, रोहिणी तांबूस, व्याध नुसता जळत होता. बराच वेळ ती गप्प होती. मग मी बघितलं, तिनं वाकळेतून दोन्ही हात बाहेर काढून खाटेच्या कडा धरल्या होत्या.

"आबा."

"काय गं?"

"आपण वर बघत नाही. आपण खाली बघतोय. आपण छताला चिकटलोय आणि ते सगळं खाली हाय."

मी तिचा हात धरला. असं वाटतं हे मला माहीत होतं. तिला ते कुणी न सांगता वाटलं.

यापुढं जे लिहितोय ते या मुक्कामाशिवाय मला सुचलं नसतं. मी वाचलेल्या कथांत अंतराळात वाढलेला माणूस पृथ्वीवर आला की त्याचे डोळे घाबरतात: चक्कर, वर पडण्याची भीती, मान खाली घालणं. ते बरोबरच आहे. पण बंद डब्यात राहिलेल्याची भीती कानात आणि कातडीत जास्त असते. अंतराळ स्थानकात पंखे बंद ठेवता येत नाहीत. वजन नाही म्हणून गरम हवा वर जात नाही, गार खाली येत नाही. झोपलेल्या माणसानं सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच तोंडापाशी साचून राहतो. म्हणून घरघर अखंड, रात्रंदिवस. बोटीत कारणं वेगळी, सवय तीच. आवाज चालू असतो तोवर माणूस मेल्यागत झोपतो, आवाज थांबला की सगळे बंक एका क्षणात जागे. निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा लोडशेडिंगची वर्षं होती. मध्यरात्री पंखा थांबला की मी उठून उभाच राहायचो. बायको म्हणायची, "आवं, नुसती लाईट गेलीया. झोपा."

अकराच्या सुमाराला सरांनी घरातला इन्व्हर्टरसुद्धा बंद केला. त्याच वेळी वारा पडला. रातकिडे थंडीमुळं नव्हतेच. अशी शांतता मी किती वर्षांत ऐकली नव्हती. माझी नाडी चढली. पंचवीस वर्षं होऊन गेली बोट सोडून, आणि तरीही शरीर म्हणालं: हवा थांबली, उठ. मी उठून बसलो, आणि मग मुद्दाम, मोजून, दहा श्वास घेतले. एवढी मोठी हवा, आणि तिला चालवायला कुणी नको. कुणाचाही वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, नाही. चंद्रावर जन्मलेल्या माणसाला हे पटायला किती दिवस लागतील, ते मला लेखकांनी सांगावं.

मग तासाभरानं झुळूक आली. नातीच्या कपाळावरचे केस हलले आणि ती झोपेतच सुखावली. आता विचार करा. ऑगस्ट २०१८ मध्ये स्थानकाला जोडलेल्या सोयूझ यानाला दोन मिलिमीटरचं भोक पडलेलं सापडलं. दाब हळूहळू उतरत होता, म्हणून शोध घेतला. शेवटी गॉझ आणि इपॉक्सीनं ते बुजवलं. तशा घरात वाढलेल्या मुलीच्या गालाला पहिल्यांदा वारा लागला तर ती सुखावेल का? ती भोक शोधायला धावेल. आपल्या पोरांना आपण "वारं खायला चल" म्हणतो. तिच्या भाषेत वाऱ्यासाठी जो शब्द असेल त्याचा अर्थ "पळा" असा असेल.

आयझॅक असिमोव्ह यांची १९५७ ची 'द नेकेड सन' मला यात फार खरी वाटते. तिच्यातला डिटेक्टिव्ह पृथ्वीवरचाच, पण छपराखालच्या शहरात वाढलेला. तपासासाठी त्याला परग्रहावर जावं लागतं आणि तिथं उघड्यावर त्याला उभं राहवत नाही. तरी तो पुन्हा पुन्हा पडदा सरकवायला जातो. हे "पुन्हा पुन्हा" लिहायला अनुभव लागतो. त्यांच्याच १९४१ च्या 'नाइटफॉल'मध्ये सहा सूर्यांच्या ग्रहावर दोन हजारांहून जास्त वर्षांनी एकदा अंधार पडतो आणि तारे बघून लोक वेडे होतात. कथा मोठी आहे, मी तीनदा वाचली. पण त्या लोकांना दुसरी रात्र मिळत नाही, याचं मला दरवेळी वाईट वाटतं. मी एक पायरी खाली उतरलो होतो, पण मला परत वर चढायला मिळालं.

आणखी एक. अंतराळात स्वतःभोवती फिरती, नळकांड्यासारखी मोठी वसाहत बांधावी ही कल्पना जेरार्ड ओ'नील यांनी १९७० च्या दशकात मांडली. तिच्यात जमीन दोन्ही बाजूंनी वर वळत जाते आणि मान वर केली की दोन्ही अंगांना दुसऱ्यांची शेतं आणि घरं दिसतात. तिथल्या पोरानं लहानपणापासून वर बघितलं की शेजारी दिसतात. त्याला मसाईच्या सड्यावर आणून उभं केलं तर ते पहिला प्रश्न विचारेल: वरची माणसं कुठं गेली? हे मी नातीला सकाळी सांगितलं, तर ती चहा प्यायची थांबली.

सकाळ मला रात्रीएवढीच आवडली. खालच्या खोऱ्यात धुकं भरलं होतं, वाकळ दहिवरानं भिजली होती. ऊन आलं तसे तुरळक ढगही आले आणि एका ढगाची सावली समोरच्या माळावरून आमच्याकडं सरकत आली. दिवा मंद झाल्यासारखा उजेड उतरला, मग परत चढला. कुणी मान वर केली नाही. बोटीत दिवा मंद झाला असता तर माझा हात स्विचबोर्डाकडं गेला असता. वर दोन घारी घिरट्या घालत होत्या. मी वाचलेल्या कथांत पृथ्वीच्या आकाशाची पहिली भेट लिहिताना पक्षी फारसे कुणाला आठवलेले नाहीत. मला वाटतं, त्या परक्या पोराला धीर येईल तो घारीमुळंच. एवढ्या उघड्यावर एक जीव कशाला न धरता निवांत फिरतोय, हे दिसलं तर.

उणं सांगायला हवं. पारदर्शक प्लास्टिकचे दोन गोल तंबू आहेत, त्यांना माणशी पाचशे जास्त. घेऊ नका. दहिवरामुळं आतून पाणी सुटतं आणि मध्यरात्रीनंतर तारे पुसले जातात. शिवाय छपरातून आकाश बघायचं तर एवढ्या लांब यायचं कशाला? आग्नेयेला कोल्हापूरच्या उजेडाचा पिवळट डोंब आहे, त्या बाजूचे खालचे तारे गेलेच. शेजारच्या एका बंगल्यावर पांढराफटक एलईडी रात्रभर जळतो. सरांनी विनंती करून झाली, उपयोग झालेला नाही, याचा मला मनापासून राग आला. थंडीला एक वाकळ पुरत नाही, दोन मागा, वहिनी लगेच देतात.

जून ते सप्टेंबर मुक्काम बंद. बरोबरच आहे, त्या दिवसांत आकाश दिसत नाही. पण मला वाटतं, परक्या माणसाला आपलं आकाश दाखवायचं तर पावसात दाखवावं. अंतराळ स्थानकावर घाम आणि लघवीसकट अठ्ठ्याण्णव टक्क्यांपर्यंत पाणी परत वापरतात. तिथून आलेला माणूस जुलैत आमच्या गच्चीवर उभा राहिला, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फुटांची इशारा पातळी ओलांडून त्रेचाळीसच्या धोक्याकडं निघालीय आणि वरून अजून कोसळतंच आहे, तर तो काय करेल? तांब्या घेऊन धावेल, असं नात म्हणते. मला वाटतं तो रडेल.

अशी मराठी कथा मला अजून भेटलेली नाही आणि ती मला फार हवी आहे. जयंत नारळीकर याच कोल्हापुरात १९ जुलै १९३८ रोजी जन्मले. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली आणि बक्षीस मिळवलं. २० मे २०२५ ला ते गेले. सरांच्या पडवीत एक लहान फळी आहे, तीवर त्यांची पुस्तकं आहेत, पानं दुमडलेली, पोरांनी हाताळलेली. नातीनं एक उचललं आणि परतीच्या वाटेवर गाडीत वाचत बसली. इंग्रजीबाहेरचं तिनं स्वतःहून उचललेलं मला आठवत नाही. पुस्तक परत करायचं म्हणून तरी पुन्हा जायचंय.

बुकिंग फोनवरच होतं, सर संध्याकाळी सातनंतर उचलतात. अमावास्येच्या रात्री लवकर भरतात. मी माघातली सांगून ठेवली आहे, तीन माणसांसाठी. नातीला या खेपेला पुढची ओळ हवी आहे, सड्यावरची. तिसरा म्हणजे गडहिंग्लजचा माझा जोडीदार. तो अजून माजघरात दार लावून झोपतो, थंडीतही पंखा लावून. फोनवर त्याला सगळं सांगितलं, भिंतीसकट. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "भिंत किती उंच हाय म्हणालास?" मी म्हटलं, छातीएवढी. "बघू," म्हणाला. सरांना सांगितलंय: भिंतीकडची, अगदी कोपऱ्यातली खाट त्याला ठेवा, आणि घरातला इन्व्हर्टर त्या रात्री चालू राहू द्या.